थर्मोस्टॅट: गाडीतून काढून फेकल्या गेलेल्या झडपेचा इतिहास

🧵 १/
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या काळात बोरघाट चढणाऱ्या मोटारींचे एक नेहमीचे दृश्य होते. कडेला उभी असलेली गाडी, उघडलेले बॉनेट, रेडिएटरच्या तोंडातून उसळणारी वाफ आणि पाण्याचा डबा हाती घेऊन ती ओसरण्याची वाट पाहणारा चालक. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की एक सल्ला हमखास मिळे: ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ झडप निघे, जुन्या सुट्या भागांच्या ढिगात जाऊन पडे आणि तिच्या जागी नवी बसवण्याचा विचारही कोणी करत नसे.

२/
ही झडप मुठीत सहज मावते. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ती बसवलेली असते. इंजिन थंड असताना ती वाट बंद ठेवते, तापल्यावर उघडते. उष्ण प्रदेशात तिची गरजच काय, हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु ती काढणाऱ्या कारागिराला केवळ अडाणी ठरवून हा विषय मिटत नाही. त्याच्या अविश्वासाला एक खरे कारण होते. ते समजण्यासाठी इंजिनाच्या पाण्याची कथा आरंभापासून पाहावी लागते.

३/
पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा लहानसा भागच चाकांपर्यंत पोहोचतो. जुन्या इंजिनांत तो पाव भागाच्या आसपास असे. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर बाहेर पडतो आणि दुसरा मोठा वाटा सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. तो तेथून काढून घेतला नाही, तर तेल करपते, पिस्टन फुगून अडकतो आणि इंजिन सीझ होते. म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळवायचे. पहिल्या मोटारी बनवणाऱ्यांना ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती.

४/
कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या पेटंट मोटारीत मात्र रेडिएटर नव्हता. पाणी सिलिंडरभोवती उकळे, वाफ होऊन निघून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. या प्रवासातील इंधनाची खरेदी प्रसिद्ध आहे. वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतले होते. परंतु इंधनापेक्षा अधिक वेळा त्यांना थांबावे लागले ते पाण्यासाठी. वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे ते भरून घेणे, हा त्या प्रवासाचा नित्यक्रम होता. बोरघाटातील डब्याची ही पूर्वज म्हणावी!

५/
तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, तर ते वाटेत थंड करावे लागते. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी वाही. थोड्या पाण्यात पुष्कळ उष्णता बाहेर टाकता येऊ लागली आणि मोटारीला तिचा ओळखीचा चेहरा मिळाला.

६/
फोर्डने १९०८ मध्ये आणलेल्या मॉडेल टीमध्ये पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर पाण्याचा पंपही काढून टाकण्यात आला. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड होऊन खाली उतरते. एवढ्याच बळावर पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरत राही. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. पण तिच्यावर ताबा ठेवण्याचीही सोय नव्हती. उन्हाळ्यात चढावर पाणी उकळे आणि हिवाळ्यात इंजिन तापतच नसे.

७/
येथून खरा प्रश्न सुरू होतो. रेडिएटर बनवावा लागतो तो सर्वांत वाईट दिवसासाठी. भर उन्हात, पूर्ण ओझ्यानिशी, चढावर जेवढी उष्णता निर्माण होईल तेवढी बाहेर टाकण्याची त्याची ताकद हवी. मग तोच रेडिएटर थंड सकाळी, सपाट रस्त्यावर गरजेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता ओढून घेतो. अमेरिकेच्या उत्तर भागातील मोटारमालक हिवाळ्यात रेडिएटरसमोर पुठ्ठा लावत किंवा बॉनेटवर घोंगडी पांघरत, ती यासाठीच.

८/
थंड इंजिनाने बिघडते काय? पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन गरम असेल, तर ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. भिंती थंड असतील, तर त्याचा काही अंश त्यांच्यावर दवासारखा जमतो. इंधनातील गंधकापासून बनलेली आम्ले त्यात मिसळतात. न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली तेलाच्या टाकीत उतरून तेल पातळ करते. इंजिन चालू असते, आवाजही ठीक येत असतो. आणि आत गंज चढत असतो.

९/
उष्णतेचे नुकसान क्षणात दिसते, थंडीचे वर्षांनी. त्यामुळे पहिल्याची भीती सर्वांना वाटली; दुसऱ्याची जाणीव होण्यास वेळ लागला. आपोआप तापमान राखण्याची कल्पना मात्र मोटारीपेक्षा फार जुनी होती.

१०/
हॉलंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) यांनी अंडी उबवण्यासाठी एक भट्टी बनवली होती. तिच्यात मद्यार्क आणि पारा भरलेली नळी होती. भट्टी तापली की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर सरके आणि एका दांड्याच्या साहाय्याने हवेची वाट बंद करी. विस्तव मंद झाला की उलट क्रिया घडे. अंड्यांपाशी रात्रभर जागत बसण्याची गरज उरली नाही. पुढे १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युअर यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या तापमान-नियंत्रकाचे पेटंट घेतले. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्दही त्यांचाच. त्यांच्या नजरेसमोर कापडगिरण्या होत्या.

११/
मोटारीच्या बाबतीत आधी आले ते केवळ मोजमाप. १९१० च्या दशकात बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक लोकप्रिय झाला. तो रेडिएटरच्या झाकणावर बसे आणि त्याचे तोंड चालकाकडे असे. गंमत अशी की तो पाण्यात बुडालेला नसे, पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवी. पाणी फारच कमी झाले, तर त्याचे सांगणे फसवे ठरण्याचा संभव होता. पुढे मोठ्या, महागड्या गाड्यांत रेडिएटरसमोर झडपांचे पडदे आले. आधी हाताने उघडझाप करण्याचे आणि नंतर आपोआप हलणारे. हे सारे उपाय वाऱ्यावर ताबा ठेवण्याचे होते.

१२/
पाण्यावरच ताबा ठेवण्याचा मार्ग कॅडिलॅकने निवडला. सप्टेंबर १९१४ मध्ये सादर झालेल्या तिच्या व्ही-८ मोटारीत पाण्याचा प्रवाह थर्मोस्टॅटने नियंत्रित केलेला होता. अशी सोय असलेल्या अगदी आरंभीच्या मोटारींत तिची गणना होते. इंजिन सुरू झाले की पाणी आधी इंजिनातच घुटमळणार, ते पुरेसे तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणार. चालकाने काहीही करायचे नाही.

१३/
पाण्यात बुडालेली झडप आपोआप हलवण्यासाठी त्या काळात जे साधन सर्वाधिक रूढ झाले, ते एका हवामानतज्ज्ञाने दिलेले होते. वेस्टन फुल्टन हे टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे हवामान खात्यात काम करत आणि तेथील विद्यापीठात शिकवत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बिनजोड पातळ धातूची, घड्याघड्यांची डबी बनवली. तिचे नाव ‘सिल्फॉन’. दिसायला ती हार्मोनियमच्या भात्यासारखी. दाब पडला की मिटणारी, सुटला की उलगडणारी. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या बाँबमध्येही ती गेली, कारण पाण्याच्या खोलीचा दाब तिला नेमका कळे.

१४/
थर्मोस्टॅटमध्ये या डबीत मद्यार्कासारखा लवकर उकळणारा द्रव थोडासा भरून, आतली हवा काढून ती बंद करत. थंड असताना आत जवळजवळ निर्वात असे, म्हणून बाहेरचा दाब तिला मिटवून ठेवी आणि झडप बंद राही. भोवतीचे पाणी तापले की आतला द्रव उकळे, वाफेच्या दाबाने डबी लांब होई आणि झडप उघडे.

१५/
या रचनेत एक गुण दडलेला होता, जो बहुधा कोणी मुद्दाम योजलेला नसावा. डबीला चीर पडली, तर बाहेरचे पाणी किंवा हवा आत शिरे, दोन्हीकडचा दाब सारखा होई आणि धातूच्या स्वाभाविक लवचिकपणामुळे डबी उलगडून राही. म्हणजे बिघडलेला थर्मोस्टॅट उघडा पडे. इंजिन उशिरा तापे, पण उकळत नसे. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

१६/
१९२० आणि ३० च्या दशकांत थर्मोस्टॅट सामान्य गाड्यांतही शिरला आणि त्याबरोबर तो बदलण्याची रीतही आली. ती आजच्यासारखी बिघाडापुरती नव्हती. थंड प्रदेशात रेडिएटरमधील पाणी गोठले, तर सुमारे नऊ टक्के फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडी. म्हणून हिवाळ्यात पाण्यात मद्यार्क मिसळत. मिथेनॉल ६५ अंश सेल्सियसला उकळते. गरम थर्मोस्टॅट ठेवला, तर ते उडून जाई. त्यामुळे मद्यार्क वापरणाऱ्यांसाठी ६५ ते ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असे आणि एरवीसाठी त्याहून वरचा. ऋतू बदलला की झडप बदलायची!

१७/
१९२७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलीन ग्लायकॉल आले. ते १९७ अंशांना उकळते, म्हणजे उडून जाण्याचा प्रश्नच मिटला. ते महाग होते. त्यामुळे मद्यार्क पुढेही बराच काळ टिकला. परंतु ज्यांनी ग्लायकॉल घेतले, त्यांना ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बारा महिने ठेवता येऊ लागला. आज कूलंट म्हणून डब्यात मिळणारा हिरवा वा लाल द्रव बहुधा याच ग्लायकॉलचे मिश्रण असतो.

१८/
त्यानंतर बदल झाला तो रेडिएटरच्या झाकणात. झाकणाला स्प्रिंग लावून आतला दाब वाढू दिला, तर पाणी उशिरा उकळते. दाब दीड वातावरणाइतका झाला की उत्कलनबिंदू १११ अंशांच्या पुढे जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ही पद्धत सर्वत्र पसरली. इंजिनासाठी ती वरदान ठरली. घड्यांच्या डबीसाठी अडचण. डबी बाहेरच्या दाबाशी झुंजतच उघडत असे. बाहेरचा दाब वाढला की तिला उघडण्यासाठी अधिक तापावे लागे. ८२ अंश असा शिक्का मारलेली झडप प्रत्यक्षात केव्हा उघडेल, हे आता झाकणाच्या स्प्रिंगवरही अवलंबून राहू लागले.

१९/
या अडचणीचे उत्तर तोवर सापडलेले होते. ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज हे अँटिऑक कॉलेजमुळे ओळखले जाणारे छोटे गाव. तेथे काम करणाऱ्या सर्जियस व्हर्नेट (१८९९–१९६८) यांनी १९३० च्या दशकात वायू किंवा वाफेऐवजी मेणाचा आधार घेतला. त्यांना १९३८ मध्ये पेटंट मिळाले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी त्याच गावात व्हर्ने लॅबोरेटरीज ही कंपनी स्थापन केली.

२०/
मेण वितळताना सुमारे १० ते १५ टक्के फुगते. आकडा लहान वाटतो, परंतु द्रव झालेले मेण जवळजवळ दाबलेच जात नाही. त्यामुळे त्याचा रेटा जबरदस्त असतो आणि भोवतीचा दाब थोडा कमी-अधिक झाला तरी त्यावर परिणाम होत नाही. पितळेच्या छोट्या कुपीत मेण भरायचे, उष्णता आतवर लवकर पोहोचावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळायची, वर रबराचा पडदा आणि त्यातून बाहेर येणारी पोलादी दांडी. मेण वितळले की दांडी रेटली जाते आणि झडप उघडते. थिजले की स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. कोणत्या तापमानाला उघडायचे, हे मेणांच्या मिश्रणावरून ठरते. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी घड्यांच्या डबीची जागा या मेणाच्या कुपीने घेतली. आजही अब्जावधी किलोमीटर धावणाऱ्या गाड्यांचे तापमान मेण वितळण्या-थिजण्यावर चालते, ही गोष्ट विलक्षण नव्हे काय?

२१/
आता पंधराव्या मुद्द्याकडे परत येऊ. मेणाच्या कुपीत झडप उघडते ती मेणाच्या रेट्याने आणि बंद होते ती स्प्रिंगने. रबराचा पडदा जीर्ण होऊन मेण गळून गेले, तर रेटा संपतो. उरते ती स्प्रिंग. बिघडलेला थर्मोस्टॅट आता बंद पडतो. रेडिएटर भरलेला, पंप चालू, पंखा फिरतो आहे. आणि इंजिनातील पाण्याला बाहेर जाण्याची वाटच नाही. काही मिनिटांत पाणी उकळते. चालकाने तसेच पुढे रेटले तर हेड वाकते, हेड गॅस्केट उडते. अधिक नेमके, अधिक भरवशाचे यंत्र आले. परंतु जुने यंत्र बिघडले तर इंजिन थंड पडत असे, नवे बिघडले तर इंजिनच जात असे.

२२/
भारतात मोटारी बनू लागल्या त्या याच संक्रमणकाळात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. उत्तरपाड्याला अँबेसेडर बनू लागली, जिचे मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होते. या गाड्यांचे आराखडे युरोपच्या हवामानात तयार झालेले. त्यांना मुंबईची गर्दी, मराठवाड्याचा उन्हाळा आणि सह्याद्रीचे घाट वाट्याला आले. सुट्या भागांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. कूलंटऐवजी नळाचे किंवा विहिरीचे पाणी भरले जाई. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरून बसत.

२३/
अशा परिस्थितीत कारागिरासमोर तापलेली गाडी येई, तेव्हा त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. बंद पडलेली झडप इंजिन घेऊन बसते. नसलेली झडप काहीच करत नाही. चांगली नवी झडप मिळेलच अशी खात्री नाही. गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी हवी आहे. अशा वेळी झडप काढून टाकणे हा निर्णय त्या क्षणापुरता तरी शहाणपणाचा होता, असे म्हणावे लागते. चूक झाली ती पुढे. तात्पुरता उपाय हाच नियम झाला आणि ‘आपल्याकडे थर्मोस्टॅटची गरज नाही’ हे गॅरेजचे तत्त्वज्ञान बनले.

२४/
ते तत्त्वज्ञान दोन ठिकाणी लंगडे आहे. एक: घाट चढताना पाणी ९५-१०० अंशांवर असते, तेव्हा चांगला थर्मोस्टॅट केव्हाच पूर्ण उघडलेला असतो. तो काढल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. झडप बंदच पडलेली असेल, तर ती काढल्यावर अर्थातच फरक पडतो. परंतु क्षारांनी तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा झिजलेला पाण्याचा पंप हे खरे कारण असेल, तर ते तसेच राहते आणि पुढच्या चैत्रात गाडी पुन्हा तापते.

२५/
दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. अनेक इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात: एक रेडिएटरकडे, दुसरी इंजिनातच परत फिरवणारी आडवाट. काही थर्मोस्टॅटना खालच्या बाजूस दुसरी चकती असते. वरची झडप उघडते त्याच वेळी ही चकती आडवाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. अशा इंजिनात झडप काढणे म्हणजे घाटात गाडी अधिक तापण्याची व्यवस्था करणे होय! ‘झडप नसली की पाणी फार वेगाने धावते, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते. ते मात्र खरे नव्हे. प्रवाह वाढला की रेडिएटरमधून बाहेर पडणारी एकूण उष्णता वाढतेच. दोष वेगाचा नसून वाट चुकलेल्या पाण्याचा असतो.

२६/
आणि थंड चालणाऱ्या इंजिनाचे काय? १९३० च्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संशोधन समितीसाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. तोवर सर्वसाधारण समज असा की झीज घर्षणाने होते: धूळ, अपुरे तेल, धातूवर धातू. प्रयोगांनी दाखवले की भिंती थंड असताना झीज झपाट्याने वाढते आणि तिचे मुख्य कारण गंज हे आहे. भिंतीवर दव जमते, त्यातील आम्ल धातू खाते आणि पिस्टनची रिंग तो गंजलेला थर प्रत्येक फेरीत खरवडून नेते.

२७/
दिवसभर गर्दीत रखडणाऱ्या मुंबईच्या टॅक्सीत झडप नसली, तरी इंजिन तसेही तापलेले असे. तिचे नुकसान तुलनेने कमी. खरा फटका बसे तो थोड्या थोड्या अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला. नाशिकची किंवा महाबळेश्वरची जानेवारीतली सकाळ, दवाखान्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर, मग पुन्हा बंद. चोक ओढलेला, तेल पातळ होत चाललेले, तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय. काही वर्षांनी गाडी निळा धूर सोडू लागे, तेल पिऊ लागे. मग इंजिन उतरवणे, बोअर करणे, नवे पिस्टन-रिंग. मालक तो खर्च गाडीच्या वयावर टाकी. ज्या दिवशी एक छोटी झडप ढिगात फेकली गेली, त्या दिवसाशी कोणी त्याचा संबंध जोडत नसे.

२८/
विशेष म्हणजे ही झडप बदलणे हे मोटारदुरुस्तीतील अगदी साध्या कामांपैकी एक आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे चेहऱ्यावर उकळते पाणी ओढवून घेणे. थोडे पाणी काढायचे, रबरी होजच्या मुळाशी असलेल्या आवरणाचे दोन-तीन बोल्ट सोडायचे, जुनी झडप उचलायची, जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडायचे, नवी बसवायची. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला हवी. उलटी बसली, तर गरम पाणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि वाट वेळेवर उघडत नाही. कडेला असलेले बारीक छिद्र आणि त्यातली हलती पिन वरच्या बाजूस ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पाणी भरून हवा पूर्ण काढली नाही, तर नवी झडपही वाफेच्या बुडबुड्यात आंधळी होऊन बसते.

२९/
झडप चांगली की वाईट, हे ओळखण्याची परीक्षा तर स्वयंपाकघरात होते. जुन्या कार्यशाळा-पुस्तिकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली आहे: पातेल्यात पाणी घ्या, झडप दोऱ्याने मध्यावर टांगा, शेजारी तापमापक सोडा, गॅस लावा. दोन्ही गोष्टी पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. ८२ चा शिक्का असेल, तर त्या सुमारास फट दिसू लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडली पाहिजे. थंड पाण्यात टाकल्यावर पुन्हा घट्ट मिटली पाहिजे. ड्रेबेलच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही हा प्रयोग चटकन समजला असता.

३०/
१९७० च्या दशकापासून प्रदूषणाच्या नियमांनी थर्मोस्टॅटचे महत्त्व आणखी वाढवले. गरम इंजिनात इंधन अधिक पूर्ण जळते, म्हणून अमेरिकन गाड्यांत उघडण्याचे तापमान ९० अंशांपर्यंत चढवण्यात आले. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनात मेणाच्या कुपीमध्येच विजेवर तापणारी तार बसवण्यात आली. संगणकाला वाटेल तेव्हा मेण वेळेआधी वितळवता येऊ लागले: सपाट रस्त्यावर इंजिन अधिक गरम, चढावर अधिक थंड. मेण मात्र कायम राहिले.

३१/
भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या गाड्यांतील संगणक पाण्याचे तापमान सतत वाचत असतो. ठरावीक वेळात ते अपेक्षेइतके चढले नाही, तर तो इंजिन अजून थंडच आहे असे धरून इंधन अधिक सोडत राहतो आणि पी०१२८ या क्रमांकाची नोंद करून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच: पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचलेले नाही. झडप काढून टाकलेली गाडी आज गॅरेजमधून बाहेर पडली, तर थोड्याच दिवसांत तो दिवा लागतो. आणि तो विझवण्यासाठी त्याच कारागिराला आता नवी झडप आणून बसवावी लागते.